सूज उतरवणारी राणी

आखाडा बाळापूरला बाजाराच्या रस्त्यावर राणी खिल्लारेचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, एक पलंग, भिंतभर आरसा. भुवया काय, कुठंही करून मिळतात. राणीकडं बाया येतात त्या तिच्या हलक्या हातासाठी. लग्नाआधी सुजलेले डोळे, जड झालेले गाल ती तासाभरात बरेच उतरवते. नांदेडला वर्गात तिला शिकवलं होतं, कातडीखाली पातळ पाणी वाहतं, त्याला लिम्फ म्हणतात. ते साचलं की तोंड फुगतं, कातडी मलूल दिसते. त्याला गळ्याकडं वाट करून द्यायची, पण बोटाचा जोर लावायचा नाही.

सूज काय असते, हे मात्र ती वर्गाच्या आधीच शिकली होती. नवऱ्यानं, संतोषनं, सहा वर्षं तिला मारलं. शेवटच्या वेळी खलबत्त्यातल्या बत्त्यानं. महिनाभर तिचा डावा डोळा उघडला नव्हता. मग ती माहेरी आली ती परत गेलीच नाही.

दोन वर्षांमागं, उन्हाळ्याच्या भर दुपारी शिवहार नावाचा एक जण बहिणीला घेऊन आला. मागं त्यांची आई, अनुसयाबाई. पोरीचं तोंड ओढणीत गुंडाळलेलं.

"उद्या पाहुणे येऊन राहिले," शिवहार म्हणाला. "रागिणी न्हाणीत घसरली. तुमी सूज उतरवता म्हणं."

राणीनं ओढणी सोडली. उजवा गाल वांग्यासारखा निळा. कानामागं चार बोटांचे वळ, गळ्यावर अंगठ्याची खूण. न्हाणीतल्या फरशीला अंगठा नसतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. आई आणि भावाला तिनं पडद्याबाहेर बसवलं.

"तोंड उघड, बाई."

रागिणीला तोंड उघडता येईना. खालचे दात एका बाजूला सरकले होते. ती पुटपुटली, "मी न्हाई म्हणले. नर्सिंगचं एक वर्ष राह्यलं. म्हणून."

राणीनं हात मागं घेतला. ही सूज उतरवायची नव्हतीच. आतलं हाड मोडलं होतं. ती बाहेर आली.

"जबडा गेलाय. हिला आत्ताच दवाखान्यात न्या. मी हात लावणार न्हाई."

"पाहुणे गेल्यावर नेतो. तू तुझं काम कर."

"न्हाई करत."

शिवहारनं स्टूल उचललं आणि आरशावर घातलं. काच सगळीकडं उडाली. त्यानं पडदा ओढून तोडला, रागिणीला केसांना धरून पलंगावरून खाली खेचलं. तिच्या तोंडून आवाजही नीट निघेना. राणी मध्ये पडली. त्यानं तिच्या कपाळावर बुक्की मारली, भिवई फुटली, डोळ्यात रक्त आलं. मग त्यानं तिला भिंतीशी दाबून गळा धरला. अनुसयाबाई दारातच उभी होती. "सोड रे तिला," एवढंच ती म्हणत होती, तेही हळूच.

राणीच्या हाताला वॅक्सचा हीटर लागला. सकाळपासून चालू होता. तिनं डबा उचलला आणि त्याच्या खांद्यावर, दंडावर उपडा केला. शिवहार गुरासारखा ओरडला आणि खाली बसला. वॅक्स ओढून काढायला गेला तसं कातडंही निघून आलं. राणी बघत राहिली. तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची भीती तिला नंतर पुष्कळ दिवस वाटत होती.

शेजारच्या मोबाईलवाल्यानं पोलिसांना बोलावलं. रागिणीला नांदेडला नेलं. जबड्यात धातूची पट्टी घालून दात तारेनं बांधले. शिवहारवर गुन्हा दाखल झाला. त्याच्या माणसांनी वॅक्स ओतल्याचा गुन्हा राणीवरही नोंदवला. अनुसयाबाईनं जबाबात पहिल्यांदा सांगितलं, पोरगी घसरली. चौथ्या दिवशी ती एकटीच एसटीनं ठाण्यात गेली आणि म्हणाली, "मागं खोटं सांगितलं व्हतं. माह्या डोळ्यासमोर मारलं." तेव्हापासून ती शिवहारच्या घरात नाही, माहेरी, सेनगावकडं राहते.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रागिणी आली. तार निघाली होती, पण गालाखालची सूज राहिली होती, कातडी ताणल्यासारखी चकाकत होती. राणीनं आधी गळ्याखालच्या हाडापाशी बोटं ठेवली, मग कानाखालून, अगदी लेकराला निजवावं तशी. पहिल्या दिवशी रागिणी प्रत्येक स्पर्शाला दचकत होती.

"दुखून राहिलं का?"

"न्हाई. हात जवळ आला की तसंच व्हतं."

आठवड्यातून दोनदा, असे तीन महिने. गाल उतरला, रंग परतला. दचकणं मात्र पूर्ण गेलं नाही. राहिलेलं वर्ष तिनं पुरं केलं. आता ती परभणीला एका दवाखान्यात नोकरीला आहे.

दोन्ही खटले चालू आहेत. तारखेला राणी पार्लरला कुलूप लावते आणि कोर्टात जाऊन बसते. समोरच्या बाकावर शिवहार असतो, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. ती त्याच्याकडं बघते, नजर खाली घालत नाही.