मुनेकिची आणि पाच मजली केक

जपानमधल्या साकाई शहरात मुनेकिची चाळीस वर्षं सुऱ्यांना धार लावत होता. लोहार पातं ठोकून द्यायचा, मुनेकिची ते ओल्या दगडावर पाजवायचा आणि धार बसली की नाही हे डाव्या हातावरचे केस भादरून बघायचा. त्यामुळे त्याचा डावा हात तान्ह्या बाळासारखा गुळगुळीत आणि उजवा अस्वलासारखा. बोलायला विषय एकच. कुणी म्हणालं, "आज थंडी आहे," तर हा म्हणे, "आहे, पण कालच्यासारखी धार नाही तिला."

त्याच्या मुलीचं, किनुएचं, लग्न ठरलं. वधूपित्याने चार शब्द बोलायची रीत. बायकोने, फुसाएने, आठवडाभर आधीच त्याला समोर बसवलं.

"अहो, लग्नात 'कापणं' म्हणायचं नाही. 'तुटणं' नाही. अपशकुन असतो."

"मग मी बोलू काय?"

"हवापाण्याचं बोला."

"आणि तो केक? तो काय चावणार का?"

"केकमध्ये सुरी घालणार. 'घालणार' म्हणायचं, कळलं?"

मुनेकिचीने मन लावून तालीम केली. दुकानात एका गिऱ्हाइकाला सुरी देताना म्हणाला, "घ्या. आता ही कुणातही मस्त घालता येईल." ते बिचारं सुरी न घेताच पळालं.

लग्नाच्या दिवशी हॉटेलच्या दालनात माणसाहून उंच, पाच मजली केक उभा होता. किनुए आणि जावई तामोत्सु दोघांनी मिळून रिबीन बांधलेली लांब सुरी धरली. सुरी केकवर टेकली आणि घसरली. परत टेकली, परत घसरली.

"जरा डावीकडे घ्या, डावीकडे," हॉटेलचा मॅनेजर दबक्या आवाजात सांगत होता.

मुनेकिचीला ते ऐकूच आलं नाही. मुलीच्या लग्नात बोथट सुरी! तो ताडकन उठला. "थांबा! ही सुरी कापत... ही सुरी लाजतेय!"

त्याने सुरी काढून घेतली, धारेवरून अंगठा फिरवला आणि नासका मासा हुंगल्यासारखं तोंड केलं. मग टेबलावरचा चहाचा पेला पालथा घातला आणि त्याच्या बुडाच्या खरबरीत कडेवर सुरी घासू लागला. खस्स, खस्स.

"अहो साहेब, ती शोभेची सुरी आहे!" मॅनेजर कळवळला.

"आता नाही," मुनेकिची म्हणाला.

डाव्या हातावर केस उरले नव्हते, म्हणून लग्नाच्या आनंदात त्याने कोटाची उजवी बाही वर सारली. केसांचा एक पट्टा सफाचट. "हं, घाला आता!"

पोरांनी जोर लावला आणि सुरी सर्रकन खाली गेली. वरचे दोन मजले कलले आणि मॅनेजरच्या मिठीत येऊन पडले. केक मेणाचा होता! सुरी घालायला डाव्या बाजूला तेवढी एक खाच होती, आणि गेली चार वर्षं तोच केक प्रत्येक लग्नात उभा राहत होता.

"कापला!" मुनेकिची ओरडला. "एका दमात कापला!"

फुसाएने हातातल्या पंख्याआड तोंड लपवलं. तेवढ्यात तामोत्सुची नव्वद वर्षांची आजी काठी टेकत पुढे आली आणि तिने मेणावरून बोट फिरवलं.

"काय साफ कापलंय हो, व्याही! आमच्या घरच्या सुरीने मुळासुद्धा कापला जात नाही. नुसता तुटतो मेला."

पाहुण्यांना हसू आवरेना. मॅनेजरही दोन मजले कवटाळून हसू लागला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मुनेकिचीला भाषणाला उभं केलं तेव्हा तो "हवा छान आहे" एवढंच म्हणाला आणि ढसाढसा रडला.

चौथ्या दिवशी आजी स्वतः साकाईला आली. सोबत तिच्या आळीतल्या यच्चयावत बायकांच्या सुऱ्या होत्या, टॉवेलात गुंडाळलेल्या, तीन तर गंजून लाल. "केवढा हा निष्काळजीपणा!" मुनेकिची संध्याकाळपर्यंत करवादत राहिला. फुसाए म्हणते, इतका खूष तो लग्नातही नव्हता.