डाव्या हाताला पखवाज, उजव्या हाताला पेटी

डिजिटल पियानोवर अभंगाची साथ करता करता मी एकदा सोसायटीच्या वॉचमनला बोलावलेलं आहे.

मी मानपाड्याला एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. (माझ्या चुका शोधायचं काम घरी बायको बिनपगारी करते.) पियानो माझा नाही, आमच्या लेकीचा, रेवाचा. मी आपला तिच्यामागे बसून दोन-चार भजनं बसवलेली, तेवढ्यावर मला वादक झाल्यासारखं वाटायला लागलेलं!

माझ्या सासूबाई एके काळी डोंबिवलीत कुठेही भजन असो, पहिलं बोलावणं त्यांना. पेटीवर सासरे, नाना. चार वर्षांपूर्वी नाना गेले आणि आईंनी गाणंच सोडलं. पेटी माळ्यावर गेली, तिचा भाता उंदरांनी खाल्ला. आईंची पंचाहत्तरी आली तेव्हा माझ्या बायकोने, वर्षाने, हट्टच धरला. "आई, नानांच्या आवडीचा तो एक अभंग तरी म्हणायचाच!"

आईंनी नानांच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "साथीला पेटी असेल तर बघू."

"नुसती पेटी?" मी छाती फुगवून म्हणालो. "आई, पेटी आणतो, पखवाज आणतो, अख्खा ताफा आणतो! आणि वाजवणार मी एकटा!"

त्या क्षणी कुणीतरी माझ्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.

पण मला नुकताच शोध लागलेला ना! त्या पियानोत लेअर नावाची सोय असते. एक पट्टी दाबली की दोन वाद्यं एकदम वाजतात. मी पेटीवर कोरस चढवला. दुसरी सोय स्प्लिट. पट्ट्यांचे दोन भाग करायचे, डावीकडे एक वाद्य, उजवीकडे दुसरं. मी उजवीकडे पेटी ठेवली आणि डावीकडे तालवाद्यांचा संच. त्या संचात प्रत्येक पट्टीला वेगळं वाद्य होतं. अगदी टोकाला पखवाज, मग झांज, टाळी, शिट्टी, असं काय काय. मला हवा होता पखवाज. बाकीच्यांशी आपल्याला काय करायचंय!

सीमा विसरू नये म्हणून मधल्या पट्टीवर वर्षाची लाल टिकली चिकटवली. नानांच्या जुन्या वहीत आईंचा सूर लिहिलेला होता, काळी चार. महिनाभर रोज सकाळी मी काळी चारमध्ये घासलं. वर्षाला तर तो अभंग भाजी चिरताना ऐकू यायला लागला.

"बाबा, साधी पेटी ठेव ना," रेवा म्हणाली. "कशाला एवढा राडा?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. (तिच्या दोन परीक्षा झाल्यायत. माझी एकही नाही.)

कार्यक्रम कोलशेतला, माझ्या साडूच्या, प्रमोदच्या सोसायटीत. क्लबहाऊस गच्च भरलेलं. प्रमोद मोबाईल स्टँडला लावून तयार. आई नऊवारी नेसून, नानांचा फोटो शेजारी ठेवून बसल्या. मी थाटात सूर धरला आणि मागून पंधरा-वीस बायकांनी "आऽऽ" केलं. आई दचकून मागे वळल्या.

"कोण गातंय?"

"कोरस आहे, आई!"

"त्यांना बसवा खाली," आई म्हणाल्या. "आणि जावईबापू, एवढा वर धरलात? काळी दोन द्या. आता तेवढा आवाज पोचत नाही हो."

काळी दोन! नानांच्या वहीला चाळीस वर्षं झालेली, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! घाईघाईत कोरस तेवढा बंद केला आणि अख्खा अभंग डावीकडे सरकवला. आईंनी डोळे मिटून सुरुवात केली. सूर खाली उतरला, माझं बोट टिकली ओलांडून गेलं आणि "धप्!" पुढच्या सुराला "छन्न!" त्याच्या पुढच्या, अगदी लांबवायच्या सुरावर मी भक्तिभावाने बोट दाबून धरलं. "फुर्रर्रर्र!"

दार ढकलून वॉचमन आत. "साब, क्या हुआ? सीटी किसने मारी?"

आई थांबल्या. चार वर्षांनी त्या तोंड उघडतायत आणि मी शिट्ट्या मारतोय!

"बाबा, ट्रान्स्पोज दाब, ट्रान्स्पोज!" रेवा कुजबुजली.

ते सूर आपोआप खाली उतरवायचं बटण. मी दाबलं. म्हणजे त्याच्या शेजारचं दाबलं. ते होतं डेमोचं. पियानो स्वतःच कुठलीशी विलायती धून तुफान वेगात वाजवायला लागला. लोकांनी टाळ्याच वाजवल्या!

"अगंबाई, किती हलका हात!" प्रमोदच्या आई म्हणाल्या.

आता खोटं कशाला बोलू? मी बोटं नाचवत राहिलो. मान पण डोलावली. काय सांगू, मजा यायला लागली हो! मात्र घाम इतका फुटला की भान सुटलं आणि मी खिशातून रुमाल काढून दोन्ही हातांनी तोंड पुसलं. पियानो आपला वाजतोच आहे! अख्खं क्लबहाऊस माझ्या हातांकडे बघतंय.

"अहो, आता तरी बंद करा ते!" वर्षा ओरडली. रेवाने वायरच उपटली.

मी आईंकडे पाहिलं. पदर तोंडाला, खांदे गदगदा हलतायत. संपलं! पंचाहत्तरीला मी सासूबाईंना रडवलं. आता त्या काही परत गात नाहीत. मला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं.

आईंनी पदर खाली घेतला. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. "अहो जावईबापू," त्या नानांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "हे असते ना, तर आज जमिनीवर लोळले असते!"

मग डोळे पुसले, हाताने ठेका धरला आणि बिनसाथीचा, काळी दोनमधला तो अभंग पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. आवाज थोडा कापत होता. मला रुमाल परत काढावा लागला. वॉचमनसुद्धा दारात थांबून राहिला.

आता दर गुरुवारी आमच्याकडे भजन असतं. आई गातात, रेवा साधी पेटी ठेवून साथ करते. पहिल्या गुरुवारी आईंनी माझ्या हातात टाळ दिले. "घ्या, ह्याला बटण नाही." तिसऱ्या गुरुवारी ते हळूच काढूनही घेतले. सध्या माझ्याकडे चहाचा ट्रे आहे. डावीकडे बिनसाखरेचा, उजवीकडे साखरेचा, मधे वर्षाने लाल टिकली चिकटवून दिली आहे.

गेल्या गुरुवारी मी ट्रे उलटा धरून बाहेर आलो आणि बिनसाखरेवाल्यांना साखरेचा चहा पाजला.