म्हाकू आप्पांचा तेमाजी

राहू गावच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले त्या वर्षी म्हाकू आप्पांची आणि माझी पहिली भेट वर्गाच्या खिडकीतून झाली. सातवीच्या मुलांना मी चंगीझखानाची गोष्ट सांगत होते. बाहेरून एकदम आवाज आला, "बाई, त्याच्याकडं मेंढरं किती व्हती?"

मुलं हसली. काठीवर हनुवटी टेकवून, एका पायावर भार टाकून पासष्टीचा एक माणूस उभा होता. मी म्हणाले, "पुस्तकात तेवढं दिलेलं नाही, आप्पा."

"मग लिवनाऱ्यानं इच्चारलं नसंल," असं म्हणून ते तिथेच उभे राहिले.

आप्पांची निम्मी हयात मेंढरांमागे गेलेली. कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, कळप गेला आणि आप्पा घराला बांधले गेले. लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या दिवसापासून शाळा सुटली की ते पायरीवर येऊन बसत. "हं बाई, काल कुठवर आलो व्हतो?" पाठ्यपुस्तकात जेमतेम चार ओळी होत्या. मग मी पुण्याहून पुस्तकं आणून वाचायचे आणि सांगायचे. चंगीझखानाचं लहानपणीचं नाव तेमुजिन. आप्पांनी त्याचा तेमाजी करून टाकला.

तेमाजीच्या बापाला वैऱ्यांनी विष घातलं, जमातीनं पाठ फिरवली आणि त्याची आई पोरांसह उघड्या माळावर राहिली. आप्पा म्हणाले, "भावकी समदीकडं सारखीच." लोकर थापून केलेल्या तंबूंचं वर्णन करताना मी अडखळले, तर ते खुशीत ओरडले, "आवं, बुरनूस! बुरनुसाचं घर म्हना की!" शत्रूच्या हातून निसटलेल्या तेमाजीला एका गरीब घरानं लोकरीच्या गाडीत दडवलं, तेव्हा त्यांना भलतीच काळजी. "लोकरीत लई उकडतं बाई. जीव गुदमरला आसंल पोराचा." पुढे तो साऱ्या टोळ्यांचा खान झाला, तेव्हा आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. पण शहरं जाळल्याचं ऐकून मान हलवली. "मेंढक्यानं दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरू ने."

एक गोष्ट मात्र मी वगळली. उपासमारीच्या त्या दिवसांत एका माशावरून तंटा झाला आणि तेमाजीनं आपल्या सावत्र भावाला बाणानं मारलं. आप्पांनाही सावत्र भाऊ होता, धुळा. न विचारता कळप विकून तो कारेगावला कंपनीत लागला होता. आप्पांनी चावडीसमोर त्याचं डोकं फोडलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली, बोलणं बंद. सारा गाव जाणून होता. आप्पांना लागेल म्हणून तो मासा मी गिळून टाकला.

आप्पांनी तरीही विचारलं. "येवढी उपासमार, तरी भावाभावांत कवा वाजलं न्हाई?"

"नाही," मी म्हणाले.

"मोठ्या मनाची मान्सं."

त्या उन्हाळ्यात धुळानं अंथरूण धरलं. 'दादाला एकदा बघायचंय' असा निरोप आला. आप्पा म्हणाले, "त्याला यायचं तर यील." चौथ्या दिवशी धुळा गेल्याचं कळलं. आप्पा जीपनं कारेगावला पोचले, तोवर चिता पेटली होती.

पंधरवड्यानं ते पुन्हा पायरीवर येऊन बसले. गोष्ट सांगा म्हणाले नाहीत. माझ्यानं राहवेना. मी माशाची गोष्ट सांगितली.

"मग? पस्तावला का त्यो?"

"ते नाही लिहिलेलं. आई फार बोलली त्याला."

त्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "मी इच्चारलं व्हतं बाई, तुमास्नी." आवाजात राग नव्हता. "आदी कळलं आसतं, तर कुनी सांगावं, निरोप आला तवाच जीपला बसलो आसतो."

ते उठले. नंतर शाळेकडे फिरकले नाहीत.

जूनमध्ये माझी तळेगाव ढमढेऱ्याला बदली झाली. निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले आणि चुकले म्हणून माफी मागितली. आप्पांनी सुनेला चहा टाकायला लावला. म्हणाले, "भाऊ माझा व्हता. निरोप मला आला व्हता. तुमच्यावर कशापायी ढकलू?"

त्यांनी मला मोकळं केलं. पुढच्या वर्षी तळेगावच्या बाजारात राहूचं कुणीतरी भेटलं आणि आप्पा गेल्याचं बोलता बोलता सांगून गेलं. हातातली भाजीची पिशवी घेऊन मी तशीच उभी राहिले. मी काही अजून मोकळी झालेली नाही.