बिस्किटच्या तोंडावरचा पट्टा

समजा, तुम्हाला एका तपकिरी घोड्याच्या तोंडावर पांढरा पट्टा रंगवायचा आहे. सरळ नाही, डोळ्यांच्या मधून निघून डाव्या नाकपुडीकडे वळणारा. खडूची बारीक पूड पाण्यात कालवा, त्यात दोन चमचे ग्लिसरीन घाला. ते विसरलात, तर घामाबरोबर सगळं ओघळेल. घोडा ऐन वेळी मान झटकणार, हेही धरून चाला.

व्हर्लिन टॅकेटचा यात हातखंडा होता. कॅलिफोर्नियात न्यूहॉलच्या टेकड्यांत शनिवार दुपारच्या खेळांसाठी सहा-सहा दिवसांत काउबॉयपट उरकले जायचे. तिथले घोडे तो सांभाळायचा. १९४३ मध्ये बिस्किट नावाच्या, जन्मतःच असा पट्टा असलेल्या घोड्यावर एक पाठलाग चित्रित झाला होता. तो इतका जमला, की कंपनी प्रत्येक नव्या चित्रपटात तोच तुकडा जोडू लागली. गोष्ट बदलायची, खलनायक बदलायचा, धूळ मात्र तीच. म्हणून जवळच्या दृश्यांतही नायकाला तीच टोपी आणि घोड्याला तोच पट्टा लागायचा.

१९४७ च्या उन्हाळ्यात बिस्किट एकोणीस वर्षांचा झाला. गुडघे गेले होते. दिग्दर्शक लुंडग्रेन एक तरणा घोडा घेऊन आले.

"व्हर्लिन, याला पट्टा काढ. बिस्किट शुक्रवारच्या ट्रकने जाईल."

"कुठं, साहेब?"

"तुला माहीत नाही होय? कुत्र्यांचं खाणं बनवतात, त्या कारखान्यात."

"त्यानं तुमचे अकरा चित्रपट ओढलेत."

"अकरा नाही, बारा. म्हणून काय, त्याला पेन्शन देऊ?"

गुरुवारी सकाळी व्हर्लिनने पूड कालवली, तरण्या घोड्याला पट्टा रेखला. ग्लिसरीनची बाटली फळीवरून खाली काढलीच नाही.

अकरा वाजता नायक घोडा दौडवत कॅमेऱ्याजवळ आला, तोवर पट्टा घोड्याच्या हनुवटीपर्यंत उतरला होता.

"हा घोडा आहे की आईस्क्रीम?" नायक ओरडला. सगळे हसले. व्हर्लिनने दुसऱ्यांदा रंगवलं. अर्ध्या तासात तेच.

लुंडग्रेन तरातरा आले. दिग्दर्शक होण्याआधी मूकपटांच्या काळात त्यांनी नऊ वर्षं नटांचे चेहरे रंगवले होते. त्यांनी घोड्याच्या नाकावरचा ओघळ बोटाने पुसला आणि बोट जिभेला लावलं. मग व्हर्लिनकडे पाहिलं. व्हर्लिन खोगिराचा पट्टा आवळत बसला. तो आधीच आवळलेला होता.

"ऊन फार आहे यंदा," लुंडग्रेन म्हणाले. "रंग टिकायचा नाही. जवळच्या दृश्यांना बिस्किटलाच आण."

"दौडणार नाही तो, साहेब."

"दौडतोय की जुन्या तुकड्यात! इथं नुसतं उभं राहू दे."

शुक्रवारचा ट्रक रिकामा गेला. बिस्किट आणखी तीन वर्षं उभा राहिला आणि शेवटी व्हर्लिनच्याच कुंपणात, झाडाखाली मेला. तोवर लुंडग्रेनही वारले होते.

ग्लिसरीन गोड असतं. नऊ वर्षं रंग कालवलेल्या माणसाला जिभेवर ते नाही हे कळलं नसेल, असं व्हर्लिनला वाटत नाही. पण मग मान झटकून ओघळ उडवणाऱ्या घोड्यासमोर उभं राहून लुंडग्रेनसाहेब उन्हाबद्दल का बोलले?