लोखंडी कूड

आमच्या कारखान्यात भंगार निघत नसे. थाप नाही मारत. पत्र्याला बारीक चिरा पाडायच्या, मग तो दोन्हीकडून ओढायचा, की त्याची शंकरपाळ्यांसारखी जाळी व्हायची. चिमूटभर लोखंड वाया जात नसे. त्यामुळे मागे उरायचे ते फक्त किस्से, आणि ते मात्र इतके साठले की कुणी चहाला बसलं की एक तरी बाहेर पडतोच. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

पनवेलला एसटी स्टँडच्या पलीकडे आमची शेड होती. मी तिथे ट्रेसर. सोहोनी साहेबांनी पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंगच्या कापडावर शाईने गिरवायचा, एवढंच माझं काम. सबंध शेडमध्ये बोटं शाईने काळी झालेली मी एकटी, बाकी सगळ्यांची ग्रीसने.

साहेबांनी मुंबईची पक्की नोकरी सोडून ही जाळी पाडायची प्रेस घेतली होती. जाळी भिंतीच्या चौकटीला बांधायची, तिच्यावर गिलावा मारायचा, झाली भिंत. विटा नकोत, वजन नको. पण तेव्हा पत्रा परमिटवर मिळायचा आणि आमच्या नशिबी आला तो पातळ. त्याची जाळी भिजलेल्या पापडासारखी लुळी पडायची. गावात नवं प्रसूतिगृह व्हायचं होतं आणि त्याच्या आतल्या सगळ्या भिंती जाळीच्या करायचं चाललं होतं. साहेबांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की या पातळ पत्र्याची भिंत सरकारी इंजिनिअरांनी पास केली तर कारखाना राहील. नाही केली, तर दिवाळीच्या आत प्रेस विकायची आणि त्यांनी जुन्या मालकापुढे हात जोडून उभं राहायचं. आमचं काय होणार ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते कळायला शिक्षण लागत नव्हतं.

*

पहिली भिंत उभी केली तेव्हा गिलाव्याला इब्राहिमभाई होते. पन्नाशी उलटलेला माणूस, हात असा की थापी फिरवली की भिंत आरशासारखी. जाळी या प्रकारावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "विटांनी काय गुन्हा केलाय?" असं ते रोज सकाळी एकदा विचारून मगच कामाला लागत.

गिलावा मारला तेव्हा सगळं ठीक होतं. दुपारी जेवून येतो तर भिंत मधोमध पुढे आलेली. पातळ जाळीला गिलाव्याचा भार पेलवला नव्हता आणि भिंतीला चांगलं गोल पोट सुटलं होतं.

साहेब वाकून वाकून पाहायला लागले. त्यांना वाईट वाटण्याआधी कुतूहल वाटायचं, हा त्यांचा जन्मजात दोष. पट्टी लावून ते पोट मोजायला लागले. इब्राहिमभाईंनी थापी धुतली, माझ्याकडे बघून जरासे संकोचले, आणि तरी बोललेच.

"साहेब, प्रसूतिगृह ठीक आहे. पण इथं भिंतीलाच दिवस गेलेत!"

मी ऐकलंच नाही असं दाखवून नकाशात तोंड खुपसलं.

*

आमचे फिटर जनार्दन मिस्त्री पळस्प्याचे. हात सोन्याचा, पण नकाशा म्हणजे त्यांना वेद. नकाशात आहे ते होणार, नाही ते होणार नाही, आणि का म्हणून विचारायचं नाही. आधीच्या एका कारखान्यात त्यांनी स्वतःची अक्कल चालवली होती आणि त्यापायी बोलणी खाल्ली होती. तेव्हापासून ती अक्कल त्यांनी घरी खुंटीला टांगून ठेवलेली.

एकदा प्रेसच्या झाकणाचा नकाशा त्यांच्याकडे गेला. संध्याकाळी झाकण तयार होऊन आलं, अगदी चोख, फक्त एका कोपऱ्यात गोल भोक. साहेब चकित. हे भोक कशाला?

मिस्त्रींनी नकाशा उलगडून दाखवला. कोपऱ्यात साहेबांच्या चहाच्या कपाचा गोल डाग पडला होता.

"माप लिवलं नव्हतं," मिस्त्री जरा नाराजीनेच म्हणाले. "आमी पट्टीनं मोजून घेतलं."

त्या दिवसापासून माझ्या टेबलावर चहाला बंदी झाली आणि नकाशा स्वच्छ ठेवायची जबाबदारी माझ्यावर आली. पेन्सिलीची एक फिकट रेष राहू द्यायची नाही, अशी मी शपथच घेतली. ही शपथ लक्षात ठेवा, पुढे ती मला भोवली.

*

मग दुसरी भिंत बांधली, तर तीन दिवस असे गेले, की गिलावा जाळीवर टिकेचना. मारला की सरकून इब्राहिमभाईंच्या पायावर. साहेबांनी सिमेंट वाढवलं, कमी केलं, वाळू चाळून घेतली, पाण्याचं प्रमाण बदललं. एक वही भरली. चौथ्या दिवशी इब्राहिमभाईंनी वैतागून जाळी काढली, तिच्यावरून तळवा एकदा वर, एकदा खाली फिरवला, आणि तीच जाळी उलटी करून लावली. थापी मारली. गिलावा बसला तो बसलाच.

जाळीच्या प्रत्येक शंकरपाळीला उतार असतो, हे तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं. एका बाजूने लावली तर ती गिलावा झेलते, दुसऱ्या बाजूने लावली तर ओतून देते. पहिल्या भिंतीची जाळी नशिबाने सुलटी लागली होती.

"खिसा उलटा शिवला तर सुपारी कशी राहील, साहेब?" इब्राहिमभाई म्हणाले.

साहेबांनी वहीत सिमेंटच्या सगळ्या आकड्यांवर काट मारली आणि खाली 'खिसा' एवढंच लिहिलं. ती वही मी पाहिलेली आहे.

*

गिलावा बसला, पण पोट सुटायचं ते सुटतच होतं. उत्तर सापडलं ते पत्रे पुसायला येणाऱ्या ठकूबाईकडे. ठकूबाई विचुंब्याची. रोज चालत यायची, पत्र्यावरचं तेल पुसायची आणि कुणी विचारलं तरच बोलायची. त्या दिवशी साहेबांनी विचारलं, म्हणाले, ठकूबाई, तुमच्या घराच्या भिंती कशाच्या?

"कुडाच्या," ती म्हणाली. "कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, वर शेणमाती लिपायची. ह्यो तुमचा लोखंडी कूडच हाय. पन ह्याच्यात कारवी नाय. उभा ऱ्हाईल कशावर?"

साहेबांनी वहीत 'खिसा'च्या खाली 'कारवी' लिहिलं. मग त्यांनी जाळीला उभ्या सळ्या बांधल्या. भिंत सरळ राहिली खरी, पण एवढी जड झाली की चौघांना उचलेना, आणि सळ्यांना पुन्हा परमिट. साहेब दोन दिवस वहीत आकडे मांडत आणि खोडत बसले. कारवी हवी होती, पण वजन नको होतं.

*

अशात मिस्त्रींच्या मुलीचं लग्न आलं. आम्ही सगळे पळस्प्याला. पंगत बसली, साहेब माझ्या समोरच्या रांगेत. बघते तर त्यांनी खिशातून लग्नपत्रिका काढली, दोन वाट्यांवर आडवी ठेवली आणि तिच्यावर एक बुंदीचा लाडू ठेवला. पत्रिका वाकली, लाडू पानात. साहेबांनी पत्रिका उचलली, पंख्यासारख्या घड्या घातल्या, पुन्हा वाट्यांवर ठेवली. एक लाडू राहिला. दोन राहिले. शेजारच्याच्या पानातला तिसरा उचलला, तोही राहिला.

तोवर सगळी पंगत जेवायची थांबली होती. नवरीची आई वाढणाऱ्यांना बाजूला सारून पुढे आली आणि काळजीने विचारती झाली, की सायबांना लाडू आवडले नाय का.

"घडी!" साहेब तिला म्हणाले. "कारवी घडीतच आहे!"

तिने तातडीने जिलेबी वाढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून जाळी ओढतानाच तिच्यात उभ्या उंच घड्या पाडायला सुरुवात झाली. वेगळी सळी नाही, जादा लोखंड नाही, पत्रा तोच पातळ. शेडमध्ये त्या घडीला आम्ही कारवीच म्हणायचो.

*

इब्राहिमभाईंनी नवी जाळी एका हाताने उचलली आणि नाक मुरडलं. इतकी हलकी चीज भिंत कशी होणार? कुणाशी न बोलता त्यांनी दोन विटांवर जाळी आडवी टाकली आणि चहाचा ग्लास घेऊन तिच्यावर बसले. आम्ही श्वास रोखून. त्यांनी चहा सावकाश संपवला, बसल्या बसल्या जरा हलून पाहिलं.

मग ग्लास पुढे करून म्हणाले, "आणखी अर्धा."

त्यांच्याकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळणं शक्य नव्हतं.

*

आणि आता तपासणीचा दिवस.

अलिबागहून इंजिनिअरांचं पत्र आलं होतं. चार भिंतींची एक छोटी खोली उभारा, गिलावा फक्त बाहेरून करा, आतून जाळी उघडी ठेवा. गिलाव्याने जाळी मागून कशी धरली आहे, ते मी आत जाऊन बघणार, असं त्यात लिहिलं होतं. साहेबांनी रात्रंदिवस खपून नकाशा काढला, मी तो गिरवला. मिस्त्रींनी बाहेरून चौकट आणि जाळी बांधली, वर पत्रे बोल्टांनी आवळले. इब्राहिमभाईंनी बाहेरून गिलावा केला आणि त्याला दहा दिवस पाणी मारलं. साहेब सगळा वेळ प्रेसवर कारव्या पाडण्यात गुंतलेले.

इंजिनिअर आले. उंच, गंभीर, एक गुडघा धरलेला. परतीची एसटी एक वाजता, हे त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. भिंतीवरून हात फिरवला, ओळंबा लावून पाहिला, मान हलवली. मग म्हणाले, चला, आतून बघू.

साहेब त्यांना घेऊन कोपऱ्यावरून वळले. दुसऱ्या कोपऱ्यावरून वळले. तिसऱ्या. परत आमच्यासमोर आले तेव्हा साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पत्रे पुसता पुसता ठकूबाईने मान वर केली.

"सायेब, आत जायाची वाट कुठं हाय?"

खोलीला दारच नव्हतं.

साहेबांनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री शांत होते. "दार नकाशात नाय," ते म्हणाले.

साहेबांच्या कागदावर एका भिंतीत फिकट तुटक रेषा होत्या. मला वाटलं कच्च्या रेषा असतील, आणि मी त्या खोडरबराने अगदी मन लावून पुसल्या होत्या. मी पुढे होऊन सांगून टाकलं, चूक माझी आहे. मला रडू येत होतं. साहेब रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण ते फक्त "हं" म्हणाले.

वरचे पत्रे काढावेत, तर दहा दिवसांच्या पाण्याने बोल्ट गंजून बसलेले, आणि इंजिनिअरांचा गुडघा शिडी चढणारा नव्हता. त्यांनी घड्याळ पाहिलं. आत बघितल्याशिवाय मी सही करत नाही, म्हणाले, भिंत फोडा आणि दार करा.

मिस्त्रींनी घण आणला आणि उभे राहिले. का थांबलात म्हणून साहेबांनी विचारलं.

"नकाशा?" मिस्त्री म्हणाले.

शेवटी मी खडू घेतला आणि भिंतीवर दार काढलं, उंची, रुंदी, मापं लिहून. मिस्त्रींनी ते नीट वाचलं आणि घण उचलला.

पहिल्या घावाला गिलाव्याची खपली उडाली. दहा घाव झाले, खपल्याच उडत होत्या. जाळी आत दबायची आणि तिथेच थांबायची. इतके महिने आम्ही ही भिंत टिकावी म्हणून देव पाण्यात ठेवले होते, आणि आता सगळे उभे राहून ती फुटावी म्हणून प्रार्थना करत होतो! साहेब तर मुठी आवळून पुटपुटत होते, फूट, बाई, फूट. आपल्या गिलाव्यावर घाव पडताना इब्राहिमभाईंना बघवेना, ते पाठ फिरवून उभे राहिले. पण पंचविसाव्या घावानंतर ते हळूच वळले, आणि मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मिस्त्रींना धाप लागली तशी इंजिनिअरांनी कोट काढून ठकूबाईच्या हातात दिला आणि घण मागून घेतला. त्यांनी तीन घाव घातले. मग खपली उडालेल्या जागी बोट घालून जाळी चाचपली, एक कारवी धरून हिसका दिला, पुन्हा दिला. कोट घातला. पावणेएक वाजला होता.

त्यांनी तपासणीचं रजिस्टर मागितलं, उभ्या उभ्या लिहिलं, सही केली आणि लंगडत स्टँडकडे निघून गेले. साहेबांनी रजिस्टर न वाचताच माझ्याकडे दिलं. मी मोठ्याने वाचलं.

"शेरा : भिंत मंजूर. दार आढळून आले नाही."