बोर्गहिल्ड आधी बसून बघते

बोर्गहिल्डबद्दल कोणीतरी नीट लिहायला हवं होतं. मला ते कितपत जमेल कोण जाणे. आयुष्य मासळीच्या कारखान्यात गेलं आणि घरातलं लिहिणं म्हणजे नाताळची कार्डं. तीही माझी बायको योरून लिहायची. आता तिच्या डोळ्यांना ते होत नाही, म्हणून मी बसलो आहे.

बोर्गहिल्ड आमच्या बेटावर शाळेची बस चालवायची. उंच, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. रस्त्यावर बर्फ गोठल्याची शंका आली की ती बस थांबवून खाली उतरायची, बुटाने रस्ता घासून बघायची आणि मगच पुढे जायची. मागे गाड्यांची रांग लागली तरी तिच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. गावात थट्टा करतात, बोर्गहिल्डला बोलावलंत ना, मग काम नक्की होणार, पण पुढच्या वर्षी.

गेल्या शरदात योरून पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डोळे आधीपासूनच अधू होते, तिला सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसायचं. शस्त्रक्रिया झाल्यावर तिला शहरातल्या केंद्रात चालायला शिकवत होते. तिथल्या बाईंनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं की जिना आता बंद. खालच्या मजल्यावर तिला एकटीला वावरता येईल अशी खोली करू शकत असाल तर घरी न्या, नाहीतर वृद्धाश्रमात जागा बघू. मग योरून फोनवर आली. "एडविन, मला घरी यायचंय," एवढंच म्हणाली.

खाली आमची एकच खोली, पाहुण्यांची. नाताळ, बारसं आणि कोणी गेलं की त्यानंतरची कॉफी, एवढ्यापुरतीच ती उघडायची. इतक्या वर्षांत मी तिथे कधी पाय पसरून बसलेलो नाही. गडद लाकडी भिंती, एक जड कपाट, योरूनच्या आईची आरामखुर्ची आणि छताला मधोमध एक दिवा.

शेजारच्या हाल्वारला कळलं आणि त्याने लगेच येत्या शनिवारी दुग्नाड ठरवला. दुग्नाड असला की आख्खं गाव हात लावायला येतं. घरच्या माणसाने कॉफी आणि वॉफल द्यायचे, आणि कोणी काही आणलं तर नको म्हणायचं नाही. नको म्हणालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. हाल्वार सोन्यासारखा माणूस, पण अंगात वारं भरलेलं. शनिवारची वाटही न बघता त्याने एक भिंत आणि तिच्यातलं दार पांढरं करून टाकलं. पांढरा रंग सगळ्यांच्या तळघरात उरलेला असतोच. हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवत नाही, म्हणून आम्ही आतून सगळं पांढरं करतो. बेत असा होता की भिंती पांढऱ्या, दार पांढरं, लाकडी जमीनही पांढरी. जुनं सामान बाहेर काढायचं आणि हाल्वारच्या मुलीने देऊ केलेला भला मोठा पांढरा पलंग आत आणायचा. जमिनीवर लोकरीचा जाड गालिचा.

"योरूनला वाटेल हॉटेलात आलेय," हाल्वार म्हणाला.

मला आतून कसंतरीच होत होतं, पण का ते सांगता येत नव्हतं. लोक प्रेमाने राबणार, त्यात मी तोंड कसं उघडू?

शुक्रवारी दुपारी बोर्गहिल्ड आली, काखेत स्वतःचा थर्मास. जरा आत बसू का, असं तिने विचारलं. पलंग कुठे येणार ते माझ्याकडून समजून घेतलं, नेमकी तिथे एक खुर्ची ठेवली आणि बसली. मला वाटलं, एक कप पिऊन उठेल. ती बसूनच राहिली. बाहेरचा उजेड ओसरला तेव्हा उठून तिने छताचा दिवा लावला, पुन्हा बसली आणि डोळ्यांवर हात धरला.

मग तिने विचारलं, योरून सकाळी उठली की आधी काय करते. मी सांगितलं की स्वयंपाकघरात जाऊन कॉफी ठेवते, मला ठेवू देत नाही.

"मग तिला या खोलीतून काय लागणार?"

मी खोलीभर नजर फिरवली.

"दार," ती म्हणाली.

पुढचं तिने खिडकीकडे बघत सांगितलं. तिच्या म्हाताऱ्या आईची खोली तिने अशीच हौसेने एका सुट्टीत नवी करून दिली होती. जुनं सगळं काढलं, भिंतींना फिकट रंग, नवे पडदे. आई शेजारणीकडून परत आली, आत डोकावली आणि बाहेर जाऊन कोट घालून जिन्यावर बसली. मला आता घरी सोड, म्हणाली. "पुष्कळ समजावलं तिला," बोर्गहिल्ड म्हणाली. "आधी तिच्या जागी बसून बघायला हवं होतं."

तिने पर्समधून जुना चष्मा काढला, काचांना हाताला लावायचं मलम फासलं आणि माझ्यापुढे धरला. मी तो घालून खुर्चीवर बसलो. आता उठ आणि कॉफी ठेवायला जा, असं तिने सांगितलं. समोर नुसता पांढरा धूर होता आणि वरचा दिवा डोळ्यांत खुपत होता. मी हात पुढे करून भिंत चाचपत निघालो आणि कोपऱ्यात जाऊन अडकलो. स्वतःच्या घरात मला दार सापडेना. अशा खोलीत योरूनला एकटीला कोण राहू देणार होतं?

उद्या तूच सगळ्यांना सांग, अशी मी तिची विनवणी केली.

"मी कशाला? बायको कोणाची?" असं म्हणून तिने थर्मासचं झाकण लावलं आणि चष्मा माझ्याकडेच ठेवून गेली.

शनिवारी घर माणसांनी भरलं. हाल्वार रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला लागला. बोर्गहिल्ड कोपऱ्यात वॉफल खात होती आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"हाल्वार, थांब," मी म्हणालो.

सगळेच थांबले. माझ्या तोंडून हा शब्द याआधी कधी कोणी ऐकला नसावा. समजावून सांगणं मला जमणार नव्हतं, म्हणून मी त्याला चष्मा दिला आणि आरामखुर्चीत बसवून म्हणालो, आता दाराबाहेर जाऊन दाखव. तो हसत उठला आणि सरळ कपाटावर आदळला.

"कपाट कोणी हलवलं रे?"

"कपाट जागेवर आहे," बोर्गहिल्ड म्हणाली. "हललायस तू."

लोक खदखदून हसले. मग हाल्वार भिंतीवर हात फिरवत निघाला. दारावरूनही त्याचा हात गेला आणि तो तसाच पुढे कोपऱ्यापर्यंत गेला. तेव्हा हसणं बंद झालं. चष्मा काढून तो कितीतरी वेळ शर्टाला पुसत राहिला.

"आधी का नाही बोललास, एडविन?"

"मलाही कालच कळलं."

त्याने डब्याचं झाकण परत दाबून बसवलं आणि गाडी काढून गडद निळा रंग आणायला गेला. दार आणि चौकट निळी झाली, भिंतींना फिकट पिवळा लागला, जमीन लाकडाचीच राहिली. गालिचा त्याने स्वतःच गुंडाळून परत नेला, योरूनचा पाय त्यात अडकला असता. मोठा पलंग नको म्हणणं मला पुन्हा जड गेलं, पण बोर्गहिल्डने योरूनसाठी आणून ठेवलेला वॉकर ढकलत दाखवलं की पलंगाशेजारून जायला वाटच उरत नाही. मग वरच्या मजल्यावरचा योरूनचा अरुंद पलंग खाली आला. आरामखुर्ची राहिली. छताच्या दिव्याऐवजी पलंगाशी, खिडकीत आणि दाराजवळ लहान दिवे लावले.

केंद्रातल्या बाई येऊन बघून गेल्या आणि बर्फ पडायच्या आधी योरून घरी आली. पहिल्या रात्री थकून लगेच झोपली. सकाळी मी स्वयंपाकघरात उभा होतो, तिला हाक मारू की नको अशा विचारात. आतून वॉकरचा आवाज आला, मध्येच थांबला, पुन्हा आला. दार उघडलं.

"हा निळा रंग कोणी निवडला?" योरून म्हणाली. "काय भयंकर दिसतोय. आणि सरक तिथून, कॉफी मी ठेवते."

मी सरकलो.

दुपारी बोर्गहिल्ड डोकावली. योरूनला रंग अजिबात आवडला नाही, असं मी तिला सांगितलं. "बरं झालं. म्हणजे दिसतोय," असं म्हणून ती टेबलाशी बसली. तिचे आभार मानायचे म्हणून मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते काही बाहेर आलं नाही, म्हणून आज हे लिहितो आहे. कॉफी योरूनने ओतली. थोडी बशीत सांडली, पण तिकडे आम्ही कोणी पाहिलं नाही.