दोन मुंग्यांची साक्ष

वाटी माझ्या हातात दिली नाही. गोठ्याच्या दाराबाहेर, गोवऱ्यांच्या थप्पीशेजारी जमिनीवर ठेवली आणि मोठ्या बाई चार पावले मागे सरल्या.

"त्यात पीळ," म्हणाल्या. "निम्मी तरी भर. मंग लांब सरक."

मी बाळंत होऊन तेरा दिवस झाले होते. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरीला पाणी उरलेले मोठ्या बाईंचे हे एकच घर. माझा नवरा ज्या सरकारी कामावर खडी फोडत होता, तिथला मुकादम मोठ्या बाईंचा पुतण्या. त्यांच्या सुनेला बाळंतपणात ताप भरला होता आणि तिच्या चार दिवसांच्या मुलाला अंगावरचे दूध नव्हते. महारवाड्यात एका बाळंतिणीचे दूध वाया जात आहे, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. ती बाळंतीण मी.

दूध वाया का जात होते, हे नीट सांगितले पाहिजे. माझी मुलगी पीत नव्हती. तोंडात घ्यायची, चार वेळा चुटचुट आवाज करायची, की सुटायचे. पुन्हा धरायची, पुन्हा सुटायचे. माझ्या छातीला चिरा पडल्या होत्या. ती ओढून ओढून थकायची आणि उपाशीच झोपायची.

मी सातवी पास होते. आमच्या गुरुजींनी एक शिस्त लावली होती: आधी पाहा, मग मोजा, मग बोला. म्हणून मी दुपटी मोजत होते. पहिल्या आठवड्यात दिवसाला चार ओली व्हायची. मग दोन. मग एक. डोक्यावरची टाळू आत जाऊ लागली होती. बाराव्या दिवशी ती रडलीच नाही. शेजारणी म्हणाल्या, पोर शहाणी झाली. मला त्या शांततेची भीती वाटत होती.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी सातव्या दिवशीच दुधाची परीक्षा घेतली होती. आमच्याकडे रीत होती: बाळंतिणीच्या दुधात मुंगी सोडायची. जगली तर दूध चांगले, मेली तर विखारी. बाळाला पाजायचे चोचीचे भांडे, त्याला बोंडले म्हणतात. ते त्यांनी माझ्या दुधाने भरले आणि मुंगी सोडली. ती बुडाली.

"तुझ्या दुधात इख हाय," आत्याबाई म्हणाल्या. "पोरीला दिऊ नगंस."

त्या दिवसापासून पोरीला गुळाचे पाणी. मी चोरून छातीशी धरत असे, पण खरे सांगते, माझाही त्या मुंगीवर विश्वास बसला होता. पोरीने दूध सोडले की मला वाटायचे, तिलाही कळले.

म्हणून त्या गोठ्यापाशी मी खाली मान घालून वाटी भरली. मोठ्या बाईंनी ती लगेच उचलली नाही. गड्याकडून रुईचे एक पान आणवले, त्यावर दुधाचा थेंब पाडायला लावला आणि थेंबात मुंगी सोडायला सांगितली. मुंगी जरा थबकली, मग थेंबातून चालत पलीकडे निघून गेली.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. गड्याने वाटीला बाहेरून पाणी लावले. दुधात तुळशीचे पान टाकले. वाटी आत गेली.

"रोज दोन येळा येत जा. तुझं तर काय पीत न्हाई. वाया जान्यापरीस कुनाच्या मुखी लागू दे."

घरी येईपर्यंत मी एकच विचार करत होते. दूध तेच. एका मुंगीने ते विष ठरवले, दुसरीने चांगले. मग बदलले काय? बोंडले भरलेले होते. पानावर फक्त थेंब होता. बदलली ती दुधाची खोली. घरी पोचताच मी बोंडल्यात साधे पाणी भरले, आत्याबाईंना जवळ बसवले आणि मुंगी सोडली. ती बुडाली.

"आता पान्यात बी इख हाय का?" मी विचारले. आत्याबाईंनी बोंडले उचलून पाणी बाहेर ओतले.

दोष दुधात नव्हता, तर तो दुसरीकडे असला पाहिजे. मी मुलीला दारातल्या उजेडात नेले आणि बोटाने हनुवटी खाली ओढली. ती बारीक रडली. जीभ वर उचललीच गेली नाही. टोकाला खाच पडत होती, पिंपळाच्या पानाला देठापाशी असते तशी. खाली एक पांढरा ताणलेला पडदा, जिभेला थेट टोकापासून जखडून ठेवणारा. तेरा दिवस सगळ्यांनी माझ्या अंगात दोष शोधला. तिच्या तोंडात कोणी पाहिले नव्हते. मीही नाही.

त्या दिवशी मी माझेच दूध बोंडल्यात काढून थेंब थेंब तिला पाजले. संध्याकाळपर्यंत दोन दुपटी ओली झाली.

सकाळी बोलावणे आले. मी मुलीला घेऊन गेले. वाटी जमिनीवर होतीच. मी बसले नाही.

"बाळ आना," मी म्हणाले. "पदराखाली घेते, पोटभर पाजते. वाटीत न्हाई पिळनार."

मी ते मनापासून म्हटले होते. त्या बाळाशी माझे वैर नव्हते. आतून त्याचे रडणे ऐकू येत होते. मोठ्या बाई घराच्या दाराकडे वळल्या. मला वाटले, आणतील.

"तुमच्या अंगाला आमचं लेकरू लावू?" त्या म्हणाल्या. "त्यापरीस उपाशी ऱ्हाऊ दे."

मी पाहिले, ऐकले आणि मला कळले. माझे दूध तुळशीच्या एका पानाने शुद्ध होत होते. मला शुद्ध करील असे पान त्यांच्या अंगणात नव्हते. आणि हे सांभाळण्यासाठी त्या आपला नातूही पणाला लावायला तयार होत्या.

मी तिथूनच तालुक्याच्या दवाखान्याची वाट धरली. सात मैल. वाटेत दोनदा थांबून तिच्या नाकाशी हात धरला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आमची जात विचारली नाही. मुलीच्या तोंडात बोट घातले, जीभ उचलून पाहिली.

"जिभेखालचा पडदा आखूड आहे. जीभ पुढे येत नाही, तर ती दूध ओढणार कशी?"

डॉक्टरांनी कात्रीने तो पडदा कापला. रक्ताचा एक थेंब आला. नर्सबाई म्हणाल्या, लगेच अंगावर घ्या. मुलीने धरले. सुटले नाही. चुटचुट थांबली आणि मी प्रथमच तिच्या घोटांचा आवाज ऐकला.

घरी परतले, तेव्हा माझ्या नवऱ्याचे नाव मस्टरवरून, म्हणजे कामाच्या हजेरीपटावरून, कापले गेले होते. मस्टरवर नाव नाही, तर घरात दाणा नाही. मुकादमाचा निरोप होता: बायकोला काकींच्या पाया पडायला पाठव, वाटी सुरू कर, नाव उद्या चढते. मोठ्या बाईंच्या नातवाला शहरातून डब्याची दूध पावडर आणली होती. ती त्याला सोसत नव्हती, असेही कळले. नवरा घण कोपऱ्यात टाकून घरी बसला होता. आत्याबाई एकदाच बोलल्या.

"जा बाई. सात तोंडं हायेत खानारी."

मी त्यांना दोष देत नाही. भूक मला माहीत होती. पण मोठ्या बाईंच्या नातवाचे दार मी बंद केले नव्हते. मी गेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी खडीच्या कामावर गेले. मुकादमाच्या समोर, फोडलेल्या दगडांवर बसले आणि मुलीला पदराखाली घेतले. आसपासचे घण थांबले.

"ह्यांचं नाव लिहा," मी म्हणाले. "लिहायचं नसंल तर का न्हाई, ते कागदावर द्या. खाली सही करा. मला वाचता येतं."

तो हसला. "वाचून काय करशील गं?"

"तहसीलदारांना वाचून दाखवीन."

त्याने मस्टर मिटले. त्या दिवशी नाव चढले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला पोटभर पाजले, पदर खोचला आणि तहसील कचेरीच्या वाटेला लागले. माफी मागायची नाही, हे ठरलेले होते. नाव का कापले, याचे उत्तर कोणाकडून लेखी घ्यायचे, एवढेच आता बाकी होते.